मैत्रिणीचा नवरा अपघातात अचानक गेला. भेटायला गेल्यावर विषय काढावा की टाळावा?

तुम्ही लिहिलंय की अजून गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटण्याचा विधी, व्हायची आहे, त्याआधी एकदा जाऊन यायचंय आणि तिच्यासमोर काय बोलावं सुचत नाहीये. जा. विषय टाळू नका, त्याचं नाव घ्या. फक्त "कसं झालं?" एवढं विचारू नका. का ते सांगते.

माझा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी एरंडोल-पारोळा रस्त्यावर गेला. वाळूचा डंपर, रात्रीची वेळ, पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपल्या खान्देशात दारावर येणारा माणूस बूड टेकायच्या आत विचारतो, "कसं व्हयनं?" त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वहिनीने तोच डंपर, तोच फोन, तोच दवाखाना परत परत सांगायचा. एखादी मावशी उशिरा आली की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेजारच्या निवृत्त गुरुजींनी ओट्यावर खुर्ची टाकली. येईल त्याला तिथेच थांबवून काय घडलं ते दोन वाक्यांत सांगायचे आणि बजावायचे, "आता आत जाऊन हे विचारू नका." आमच्या घरावर त्या काळात सगळ्यात मोठे उपकार कुणाचे असतील तर त्यांचे. "मन मोकळं कर, सगळं सांग" म्हणून खोदणारी माणसं त्याला मदत समजतात. प्रसंग घडल्या घडल्या माणसाला बसवून तपशील वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, हे मानसोपचारवाल्यांनी केव्हाच तपासून पाहिलंय. तिने आपणहून काढलं तर ऐका, मग कितीदाही ऐका.

आता माझं खरं दुखणं. पीएम, म्हणजे शवविच्छेदन, होऊन भाऊ घरी आला तेव्हा आमचे थोरले काका, तात्या, अँब्युलन्सच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "तिले नका दखाडू, येडी व्हई जाई." वहिनी आतून ओरडत होती की मला एकदा बघू द्या. तिला कुणी विचारलंच नाही. उलट गावातल्या डॉक्टरला बोलावून झोपेचं इंजेक्शन दिलं, रडणं थांबावं म्हणून. तिरडी उठली तेव्हा ती गुंगीत होती.

त्यानंतर बरेच महिने रात्री गल्लीत मोटारसायकल वाजली की ती उठून कडी काढायची. मला फोन करून विचारायची, "ताई, खरंच तेच होते ना? तुम्ही नीट पाहिलं ना?" मी पाहिलं होतं. डोक्याला पांढरी पट्टी होती, एक गाल सुजला होता, बाकी तोच होता. उजवा हात तर जसाच्या तसा. निदान तो हात तिच्या हातात देता आला असता की नाही?

तात्यांचं आजही ठाम मत आहे की ते होते म्हणून सून शाबूत राहिली. एका लग्नाच्या मांडवात आमची यावरून चांगलीच जुंपली. मी मोबाइलवर काढून वाचून दाखवलं: नुसत्या दुःखात असलेल्या माणसाला, दुसरा मानसिक आजार नसेल तर, झोपेच्या-गुंगीच्या गटातली औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितलंय. ब्रिटनमध्ये 2010 साली अपघात, आत्महत्या, खून अशा मृत्यूंनंतर घरच्यांशी बोलून अभ्यास झाला. शेवटचं पाहायचं की नाही हे ज्यांना स्वतः ठरवता आलं, त्यातल्या पाहणाऱ्यांना सहसा पश्चात्ताप नव्हता. तात्या म्हणाले, "आमना घरनं त्यास्ले काय समजस." संपला विषय. बाईच्या नवऱ्याबद्दल बाई सोडून सगळ्यांना समजतं.

हो, देह अगदीच ओळखू येत नसेल तर तसंच समोर ठेवा असं मी म्हणत नाही. आधी सांगावं की काय दिसेल, झाकायचं ते झाकावं, आणि ती नको म्हणाली तर नको. पण विचारावं तरी!

तुमच्या मैत्रिणीकडे परत येते. डबा न्यायचा तर साधा न्या, कळण्याची भाकरी आणि पिठलं पुरे. "देवाची मर्जी", "पोरांकडे बघ", "तुला आता खंबीर व्हायचंय" यातलं काही नको. शेजारी बसा, तुम्हाला तो जसा आठवतो तसा बोला.

आणि कागदांचं कुणीतरी अंगावर घ्या, नाहीतर तेही तिच्यावरच पडतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट यांच्या प्रती आत्ताच मिळवा. मोटार अपघाताच्या दाव्याला 2022 पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे, म्हणून वकील लवकर गाठा. बँकेच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर तो 2 लाखांचा अपघात विमा आहे, पासबुक बघा. घरात सातबारा असेल तर शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

गंधमुक्तीनंतर मांडव उतरतो आणि माणसं गायब होतात. तुम्ही खरं जायचंय ते नंतर. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर नक्कीच. वहिनीने त्याची घागर भरली, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे ठेवले, आणि घरभर बायका फक्त पाऊस-कापसाचं बोलत होत्या. मीच म्हटलं, याला सांजोरी आवडायची नाही, सारण खाऊन पारी ताटात ठेवायचा. वहिनी हसली आणि मग खूप रडली. काकू माझ्यावर चिडल्या. चिडू देत.

मैत्रीण "मला जगायचंच नाही" असं बोलू लागली, किंवा सहा महिने-वर्ष उलटूनही रोजचं काहीच जमेना, तर मात्र माझ्यासारखीच्या गप्पांवर ठेवू नका. टेली मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट लागतो, मराठीत बोलतात.

शेवटचं पाहायचं राहून गेलं असेल आणि तिने कधी विचारलं, तर ज्याने पाहिलं त्याला तिच्यासमोर बसवा आणि ती विचारेल तेवढं खरं सांगायला लावा. तिच्या घरातही एखादे तात्या असतीलच, ते अडवतील. त्यांना कुणाच्या तरी सोबत चहाला पाठवा आणि तेवढ्यात बोलून घ्या.