एका टँकरात किती लिटर?

पोरी,

एमबीएच्या अर्जासोबतचं तुझं हेतुपत्र काल रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. रात्री झोपेच्या भरात माझ्याकडून एखादा परिच्छेद निसटला की काय, अशी शंका आली. निसटला नव्हता. साडेसहाशे शब्दांत ‘फाउंड्री’ हा शब्द एकदाही नाही. ‘स्टेकहोल्डर’ चार वेळा आहे. लहानपणापासून नेतृत्वाची ओढ आहे, ‘क्रॉस-फंक्शनल टीम’ आहे, ‘ग्लोबल एक्स्पोजर’ची तहान आहे. शिरोली एमआयडीसीतल्या ओतकामाच्या कारखान्यात दोन वर्षं साच्यांच्या वाळूत उभी राहिलेली मुलगी मात्र शोधून सापडत नाही. याचे त्या सल्लागाराने अठरा हजार घेतले म्हणालीस. त्याच्यावर मी चिडलेलो नाही, त्याचा तो धंदाच आहे. तुझ्यावर थोडा चिडलोय.

कारण परवा फोनवर तू म्हणालीस, “काका, माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.” आणि त्याच फोनवर दहा मिनिटांनी, दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावरून, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीची गोष्ट सांगितलीस.

ती गोष्ट मी तुलाच परत सांगतो, कारण तुला ती ऐकू आलेली नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत रिजेक्शन वाढतं, हे तुमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझर म्हणायचा, भट्टी थंड असते. मेंटेनन्सवाले म्हणायचे, माणसं झोपेत असतात. तू अकरा आठवडे रिजेक्शनच्या चिठ्ठ्या पाळीनुसार वेगळ्या काढल्यास. एरवी शंभरात चार नग बाद, त्या पाळीत नऊ. आणि बाद नगांवर बहुतेक ठिकाणी एकच खूण, वाळूचे कण धातूत अडकलेले. मग तू तासातासाला मुलरमधल्या, म्हणजे वाळू मळायच्या यंत्रातल्या, वाळूचा नमुना घेऊन ओलावा मोजलास. 3.4 टक्के हवा तिथे 2.6. दिवसभर हॉपरमध्ये पडून वाळू सुकायची, वाळू धरून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीला पाणी प्यायला वेळ मिळायचा नाही, साच्याच्या कडा ढासळायच्या. उपाय काय केलास? मुलरवाल्या मामांना पाऊण तास आधी बोलावलंस आणि मळलेल्या वाळूच्या पहिल्या दोन घाण्या साच्यांना न देता पुन्हा फिरवायला लावल्यास. मामा आधी कुरकुरले, मग त्यांनीच घाणी मुठीत दाबून मोडून तुला दाखवली, “आता बघा ताई, कशी तुटतीय.” नवाचे साडेपाच झाले.

हे काही घडलं नाही होय?

माझं एकच म्हणणं आहे आणि या पत्रात मी ते इतक्यांदा सांगणार आहे की तू वैतागशील. स्वतः मोजलं असेल तेवढंच लिही. स्वतः मोजलं असेल तेवढंच बोल. बाकी सगळं खोड.

हे मला कुणी शिकवलं नाही. 1998 साली मी एका नामांकित व्यवस्थापन संस्थेच्या प्रवेशाच्या मुलाखतीला गेलो होतो. तेव्हा कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, कागदावर व्हायची, संगणकावर ती 2009 पासून आली. लेखी पार पडली होती, गटचर्चेत मी बरंच इंग्रजी झाडलं होतं. मी तेव्हा एका दूध संघात डिस्पॅचला होतो. मुलाखतीत म्हणालो, मी लॉजिस्टिक्स सांभाळतो. समोर तिघे. त्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “एका टँकरात किती लिटर?” रोज माझ्या सहीने टँकर सुटायचे. मी म्हणालो, “दहा हजार असावेत.” ते म्हणाले, “असावेत?” मग विचारलं, महिन्यात किती टँकर नासून परत येतात. मी गप्प. टँकर गेटवर किती वेळ उभा असतो? गप्प. त्यांनी कप पुन्हा उचलला. पुढची पाच मिनिटं इतर दोघे सभ्यपणाने छंदांबद्दल विचारत होते, पण मुलाखत त्या ‘असावेत’पाशीच संपली होती.

परत आल्यावर मी सहा आठवडे गेटवर वही घेऊन बसलो. रागाने बसलो, हे कबूल करतो. टँकर सरासरी दोन तास दहा मिनिटं उभा राहायचा, आणि कारण दुधाचं नव्हतंच. टाक्या धुवायची जागा एकच होती, तिथे रांग लागायची. मी अहवाल लिहिला. दुसरी जागा झाली. अहवालावर नाव साहेबांचं लागलं. लागू दे. नाही, ‘लागू दे’ हे मी आज म्हणतो, तेव्हा दोन महिने जेवण गोड लागत नव्हतं.

पुन्हा कॅटला का बसला नाहीत, असं तू मागे विचारलं होतंस. वडील आजारी होते, असं मी पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. वडील आजारी होते हे खरं. पण खरं कारण ते गृहस्थ. तो कप पुन्हा उचललेला बघायची माझी छाती नव्हती. मग इथेच कोल्हापुरात नोकरी सांभाळून एमबीए केलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. म्हणजे, फारसा नाही. माझ्या हाताखाली मोठ्या संस्थांतली मुलं येऊन गेली. त्यांच्यातल्या निम्म्यांना गोदामात उभं करून “इथे किती पोती आहेत?” असं विचारलं तर ती लॅपटॉप उघडायची. पण उरलेली निम्मी? ती माझ्यापेक्षा पुढे गेली आणि जायलाच हवी होती. तेव्हा माझं बघून तू लहान उडी मारू नकोस. माझ्यासारखं न मोजता जाऊ नकोस, एवढंच.

आता परीक्षा. यावर मी फार बोलणार नाही, तुझं गणित माझ्याहून बरं आहे. पण इथेही तू मोजत नाहीस. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, पर्सेंटाइल किती आला ते सांगतेस, कुठे किती मिनिटं गेली ते सांगत नाहीस. कॅट दोन तासांची, तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि एका विभागाची उरलेली मिनिटं दुसऱ्याला देता येत नाहीत. 2024 ला प्रश्न 68 होते. म्हणजे डीआयएलआरमध्ये, त्या तक्ते आणि तर्काच्या विभागात, प्रश्नांच्या एका हट्टी संचावर बारा मिनिटं घालवलीस तर त्या विभागाचा पाऊण तासही नसलेला वेळ कुठे गेला हे कळायला पर्सेंटाइल लागत नाही, घड्याळ लागतं. प्रत्येक मॉकनंतर वहीत तीन रकाने आख: बरोबर सोडवलेले, चुकलेले, आणि हात लावायलाच नको होते ते. तिसरा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो. बरोबर उत्तराला तीन, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर वजा एक. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलंस तर सरासरीने हाती शून्य येतं, एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र पारडं तुझ्याकडे झुकतं. ‘निगेटिव्ह मार्किंगची भीती वाटते’ म्हणणाऱ्या मुलांनी हा हिशेब कधी केलेलाच नसतो. आणि एमबीएसाठीच्या राज्याच्या सीईटीला तर वजा गुणच नाहीत. 150 मिनिटांत 200 प्रश्न, एकाला पंचेचाळीस सेकंद. तिथे कोरं ठेवलेलं उत्तर हा निव्वळ आळस.

सीईटीला नाक मुरडू नकोस. मुंबईचं जमनालाल बजाज 1965 पासून चालू आहे आणि तिथल्या फीचा आकडा मोठ्या आयआयएमच्या फीशेजारी ठेवून बघ. तुझ्यासाठी मला अजून एक जागा दिसते, पवईची. 1963 पासून ती नीटी होती, 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. कारखाना, उत्पादन, पुरवठा हे तिथल्या मातीत आहे. तुझी वाळूची गोष्ट तिथे कुणी अर्ध्यावर थांबवणार नाही. ही नावं तुझ्या यादीत नाहीत, आणि तीन परदेशी विद्यापीठं आहेत. ती का आहेत, असं विचारल्यावर तू म्हणालीस, “रँकिंग.” कुणी केलेलं? कशावरून? मोजलंस का?

बारावीला गुण कमी पडले याचं रडगाणं पुरे. बऱ्याच आयआयएम निवडयादी लावताना दहावी-बारावीचे गुण धरतात हे खरं आहे, आणि ते आता बदलणार नाहीत हेही खरं आहे. ज्या संस्था त्याला कमी वजन देतात त्या शोध, अर्ज तिथे कर. एका संध्याकाळचं काम आहे ते, आणि तू त्यावर चार महिने उसासे टाकलेस.

नोकरी सोडून अभ्यासाला बसू का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. आणि हे मी मोजून सांगत नाही, हट्टाने सांगतो, हेही लिहून ठेव. काही मुलांना वर्षभर बसून फळ मिळालेलं आहे. पण तुझी वही फाउंड्रीत भरते. ती बंद पडली की मुलाखतीत तू काय सांगणार, यूट्यूबवर काय बघितलंस ते?

पैशाचं बोलू. तुझे वडील माझे मित्र. ते वीस गुंठे तारण ठेवायला निघालेत आणि त्यांनी अजून हप्ता काढून पाहिलेला नाही. मी काढला. वीस लाख, दहा टक्के, दहा वर्षं: महिन्याला 26,430 रुपये. एकूण परतफेड 31 लाख 71 हजारांच्या पुढे. अभ्यासक्रम चालू असताना आणि साधारणपणे त्यापुढे वर्षभर बँक हप्ता मागत नाही, पण व्याज झोपत नाही, ते यात धरलेलं नाही. घाबरवायला सांगत नाही. निवडक नामांकित संस्थांसाठी बँका तारणाशिवायही मोठं कर्ज देतात, तेव्हा सात-बाराला हात लावण्याआधी आधी प्रवेश कुठे मिळतो ते तर बघू. आणि संस्थेचा प्लेसमेंट अहवाल वाचताना सरासरी पगारावर बोट ठेवू नकोस. एका मुलाला कोटीचं पॅकेज मिळालं की सरासरी टुणकन उडी मारते. मधला आकडा बघ, मीडियन. त्याहून आधी हे बघ, की वर्गात किती जण होते आणि हा आकडा त्यातल्या कितींचा आहे. चिठ्ठ्या पाळीनुसार वेगळ्या काढल्यास ना? हेही तेच काम.

जायच्या आधी काय वाचू, असं विचारलंस. व्यवस्थापनावरची ती चकचकीत पुस्तकं राहू देत. तुमच्या हिशेबनीस बाईंकडे शनिवारी दोन तास बस आणि एक किलो कास्टिंगला वीज किती लागते, वाळू किती, मजुरी किती, आणि बाद झालेला नग पुन्हा वितळवला तर नुकसान नक्की कशाचं होतं, ते त्यांच्याकडून समजून घे. लोखंड परत मिळतं, वीज मिळत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे, पण आकडा तुझा हवा. तुझ्याकडे नवाचे साडेपाच झाले त्याचे महिन्याला रुपये किती, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस. मी फोनवर विचारलं तर म्हणालीस, “बरेच असतील.”

असतील!

पोरी, हा शब्द ऐकल्यावर मी फोन का ठेवला ते आता तुला कळलं असेल. तू मनाला लावून घेतलंस, तुझी आई सांगत होती. तुझा राग नव्हता तो.

अहमदाबादला 1961 मध्ये संस्था सुरू झाली तेव्हापासून तिथे केस शिकवतात, हार्वर्डकडून घेतलेली पद्धत. एखाद्या कारखान्यात, दुकानात खरोखर काय झालं ते वीस-पंचवीस पानांत मांडतात आणि वर्गाला विचारतात, तुम्ही काय केलं असतं. ती पानं कुणीतरी कुठेतरी उभं राहून मोजलं म्हणून लिहिली गेली. तू तिथे जाऊन दुसऱ्यांच्या केस वाचणार आहेस, ठीक आहे. स्वतःची एक घेऊन जा. ती इंग्रजीत कशी होईल ही चिंता नंतरची. आधी मराठीत लिही, मामांच्या तोंडचं वाक्य तसंच ठेव, ‘घाणी’ला काय म्हणायचं ते मग बघू.

या रविवारी दुपारी ये. लॅपटॉप नको, चिठ्ठ्यांची वही आण, आणि हिशेबनीस बाईंकडून विजेचं गेल्या तीन महिन्यांचं बिल मिळालं तर तेही. वडिलांना म्हणावं, सात-बारा तूर्त कपाटातच राहू द्या. काकूने आंबोळ्या करायचं ठरवलंय, तेव्हा जेवून येऊ नकोस.

तुझा,
काका

ता. क. टँकर नऊ हजार लिटरचे होते.