रक्तवाढीची गोळी बदलण्याआधी तिची वेळ बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34, एचबी (हिमोग्लोबिन) 8.6, थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. डॉक्टरांनी फेरस अ‍ॅस्कॉर्बेट-फॉलिक अ‍ॅसिडची (म्हणजे लोहाची) रोज एक गोळी आणि कॅल्शियम दिलं. महिनाभर घेऊनही एचबी 8.8. शौचाला काळं होतं, पोट साफ होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, एकाच्या दोन घे, नाहीतर सरळ इंजेक्शन घे. म्हणून गोळी बदलू का, असं विचारलंय.

मी डॉक्टर नाही. सदाशिव पेठेत औषधाच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य गेलं, त्यावरून सांगते. तुम्ही जाता जाता लिहिलंय की सकाळी सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदमच घेऊन टाकते. ताई, घोडं पेंड खातंय ते इथे.

चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं, कॅल्शियम त्याला आतड्यात शिरू देत नाही, आणि लोह व कॅल्शियम दोघं मिळून थायरॉइडच्या गोळीचं शोषण बिघडवतात. थायरॉइड नीट ताब्यात नसलं की पाळीला जास्त जातं, म्हणजे पुन्हा रक्त कमी. तेव्हा असं करून बघा: उठल्याउठल्या उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी. अर्धा-पाऊण तासाने चहा-नाश्ता. लोहाची गोळी थायरॉइडनंतर निदान चार तासांनी, म्हणजे अकराच्या सुमारास, पाण्याबरोबर किंवा लिंबू पिळून. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. अकराला ऑफिसखाली अमृततुल्यवर जायची सवय असेल तर तो चहा जेवणानंतरवर ढकला, हे मात्र पुणेकराला सांगणं अवघड! अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, तिनेही लोह कमी शोषलं जातं.

एकाच्या दोन घेऊ नका. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर ते आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं. दुसरी गोळी मग बरीचशी वाया जाते. वाढते ती मळमळ आणि बद्धकोष्ठ. म्हणूनच हल्ली काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. पोटाचा त्रास सहन होत नसेल तर बंद करण्याऐवजी त्यांना हे विचारा. उपाशीपोटी मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतली तरी चालेल. शोषण जरा कमी होईल, पण ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या गोळीपेक्षा बरं. (गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रेला हात लावू नये.)

शौचाचा काळा रंग गोळीमुळे येतो, घाबरू नका. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं होत असेल, चक्कर येत असेल, तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

इंजेक्शन वाईट नाही. गोळी सोसतच नाही, शोषलीच जात नाही किंवा रक्त फार झपाट्याने जातंय, तेव्हा ते देतात. पण क्वचित जोरदार अ‍ॅलर्जी येते, म्हणून ते दवाखान्यात, देखरेखीखालीच घ्यायचं.

गोळी नीट पोहोचली तर महिन्याभरात एचबी साधारण एक ते दोन ग्रॅमने वर येतं. 8.6 चं 8.8 म्हणजे वाढ नव्हेच, तेवढा फरक मशीनचाही असतो. वेळा पाळूनही महिन्याने तेच दिसलं तर खरा प्रश्न सुरू होतो: रक्त जातंय कुठे, की कमतरता लोहाची नाहीच? फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलंय का? एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) खूप कमी आणि आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) उलट जास्त असेल तर थॅलेसेमिया मायनर या आई-वडिलांकडून येणाऱ्या सौम्य रक्तदोषाची शंका घ्यावी लागते, त्यासाठी एचबी-ए2 ची तपासणी असते. सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत तो जास्त आढळतो, पण मराठी घरांतही निघतो. अशा माणसाला फेरिटिन चांगलं असताना वर्षानुवर्षं लोह चारलं तर ते शरीरात साठत जातं, कारण जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही.

तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून बी-12 ही बघून घ्या. ते कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मिळत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पायाला मुंग्या येत असतील तर थांबू नका. आणि पाळीला जास्त जातंय असं लिहिलंय, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नळ गळत असताना टाकी भरत बसण्यात अर्थ नाही.

अळिवाचे लाडू, खजूर, पालेभाज्या जरूर खा. पण 8.6 वर नुसत्या लाडवांनी भागत नाही. एचबी 12 च्या वर गेलं तरी लगेच थांबायचं नाही. साठा भरायला बहुधा आणखी तीन महिने लागतात. किती ते डॉक्टर फेरिटिन बघून ठरवतील.

घरात तीन वर्षांचा मुलगा आहे म्हणता आणि गोळ्या डायनिंग टेबलवर! आज रात्रीच वरच्या कपाटात कुलपात टाका. लाल, चकचकीत गोळी मुलांना खाऊ वाटते. तुमच्या एका गोळीत 100 मिग्रॅ लोह आहे. 12 किलोच्या मुलाला अडीच-तीन गोळ्यांपासून विषबाधा होऊ शकते, सात-आठ गोळ्या जिवावर बेततात. फसवं असं की उलट्या-जुलाब थांबून काही तास मूल बरं वाटतं आणि मग एकदम ढासळतं. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही. 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्यायचं, स्ट्रिप बरोबर घेऊन.

सीबीसीमधले (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतले) एमसीव्ही आणि आरबीसी काउंट हे दोन आकडे इथे लिहा. रिपोर्टचा फोटो टाकणार असाल तर नाव आणि फोन नंबर झाकून टाका.