ब्रिटनमध्ये चार्ल्सचा राज्याभिषेक पाहायला लोकांना खरंच रस होता का?

रस होता, पण सर्वांना नाही. ६ मे २०२३च्या सोहळ्याआधी यूगव्ह या जनमत-चाचणी संस्थेने केलेल्या पाहणीत जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी 'फारशी फिकीर नाही' किंवा 'अजिबात नाही' असं सांगितलं होतं. तरी मुकुट चढवला त्या सुमारास २ कोटींहून जास्त लोक टीव्हीसमोर होते. यात विसंगती नाही. फिकीर नसलेला माणूसही शनिवारी सकाळी टीव्ही लावून ठेवतोच.

१९५३ मध्ये एलिझाबेथच्या वेळीही आकडा साधारण २ कोटींचाच होता, म्हणून 'उत्साह तेवढाच आहे' असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. तेव्हा लोकसंख्या ५ कोटींच्या आसपास, आता पावणेसात कोटींहून जास्त. शिवाय तेव्हा टीव्ही थोड्यांकडेच. १ कोटीहून अधिक लोकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, मित्रांकडे जाऊन सोहळा पाहिला. मुद्दाम उठून जाणं आणि घरात टीव्ही चालू असणं यांत मोठा फरक आहे. राणीच्या २०२२ मधल्या अंत्यविधीलाही चार्ल्सच्या राज्याभिषेकापेक्षा बरेच जास्त प्रेक्षक होते.

उदासीनता तरुणांत जास्त, वयस्कांत कमी. महागाईच्या दिवसांत सरकारी खर्चाने सोहळा, हेही अनेकांना खटकलं. घरबसल्या राजनिष्ठेची शपथ घेण्याच्या आवाहनाने तर नाराजी वाढलीच.

रेकॉर्डिंग पाहायचं असेल तर पूर्ण दोन तास बसू नका. पहिल्या तासाचा शेवट पाहा: पवित्र तेलाचा अभिषेक (तो पडद्याआड होतो, कॅमेऱ्याला दिसत नाही), मग राजचिन्हं आणि मुकुट.