बायस लावण्याआधी बीडी१३९ हीटसिंकवर आहे का ते बघा

तुमची पोस्ट वाचून धस्स झालं. अॅम्पचे आठच्या आठ आऊटपुट ट्रान्झिस्टर बदलले, सिरीज बल्बवर (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून, म्हणजे करंट मर्यादेत राहतो) सगळं नीट, बल्ब काढून डायरेक्ट दिलं आणि दहा मिनिटांत परत उडाले. कळव्यात माझ्याबरोबर अगदी हेच झालंय, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, आणि अ‍ॅम्प मंडळाचा होता.

ड्रायव्हर, बेसचे रेझिस्टर, एमिटरचे ०.२२ ओहमवाले हे सगळं तुम्ही तपासलंच असेल, त्यात जात नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत बीडी१३९ (बायस, म्हणजे गाणं नसतानाही आऊटपुटमधून वाहणारा थोडा करंट, ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर) वायरवर लोंबताना दिसतोय, मला बोलायचंय ते त्याच्यावर.

तो ट्रान्झिस्टर हीटसिंकला (आऊटपुट थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून गरम व्हायलाच हवा. आऊटपुट तापले की त्यांचा बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने खाली येतो, बीडी१३९ पण तेवढाच तापला तर तो बायस कमी करतो आणि करंट जागेवर राहतो. तो हवेत थंड असला तर बायस तसाच, करंट वाढतो, म्हणून उष्णता वाढते, म्हणून करंट अजून वाढतो. बल्बवर हे दिसत नाही कारण तिथे सप्लायच पडलेला असतो, आऊटपुट तापतच नाहीत.

माझ्याकडे यायच्या आधी तो अ‍ॅम्प एका दुकानात पंधरा दिवस पडून होता, त्यांनी "बोर्डच बदला" म्हणून परत दिला आणि बीडी१३९ चा स्क्रू काढलेला आहे हे सांगितलंही नाही. पण बघायचं काम माझं होतं आणि मी बघितलं नाही. बल्बवर बायस एमिटरच्या ०.२२ वर ६ मिलिव्होल्ट लावला, मीटरच्या वायरी काढल्या आणि सरळ स्पीकर जोडला. उडाल्यावर स्विच काढून हात लावला तर हीटसिंकला बोट टेकवत नव्हतं आणि बीडी१३९ गारच. डीसी प्रोटेक्शन (आऊटपुटला डीसी आला की स्पीकर तोडणारं सर्किट) नव्हतं, अठरा इंची सबवूफरची कॉइल गेली. मंडळाची पोरं वर्गणीतून पैसे जमवत होती, ते अजून लागतं मनाला.

आता मी असं करतो (माझी पद्धत आहे, तुमच्या मॉडेलचा सर्किट डायग्राम मिळाला तर आकडे त्यातले घ्या). बीडी१३९ पेस्ट लावून स्क्रूने घट्ट. प्रीसेट (बायस लावायचा छोटा स्क्रूवाला रेझिस्टर) सगळ्यात कमी बायसवर. बल्बवर चालू, स्पीकर नाही, आऊटपुटला डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत. मग बल्ब काढून पुन्हा बायस, ०.२२ वर ५-६ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २५ मिलिअँपिअर, आणि मीटर तसाच जोडून अर्धा तास नुसतं बघत बसायचं. थोडा वर जाऊन थांबला तर ठीक, चढतच राहिला तर लगेच बंद. त्यानंतर ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरच्या जागी मोठा रेझिस्टर), मग स्पीकर. एसएमपीएसवाल्या (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असलेल्या) अ‍ॅम्पला मात्र ही बल्बची पद्धत जशीच्या तशी लावू नका, बल्बवर तो सप्लाय नीट चालू होत नाही आणि उगाच गोंधळ होतो.

आणि बंद केल्यावर लगेच हात घालू नका हो. ±७५ व्होल्टच्या सप्लायला १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २८ ज्यूल धरून बसतो, दोन्ही बाजू मिळून १५० व्होल्ट. १ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर प्रत्येक कंडेन्सरवर मिनिटभर, मग मीटरने खात्री. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे बरेच आहेत, मला ते अजिबात पटत नाही.

जाता जाता, ५२००-१९४३ ची (आऊटपुट ट्रान्झिस्टरची) जोडी दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडवरून आणली असेल तरी उडालेला एक पक्कडने फोडून बघा, आतली चिप बारकी निघाली तर माल डुप्लिकेट, मग बायस कितीही नीट लावा, लोडवर परत जाणार.

स्क्रू लावून अर्ध्या तासाचं रीडिंग इथे टाका, ५, १५ आणि ३० मिनिटांचं. त्याआधी स्पीकर जोडू नका.