‘वाहक उत्सर्जन’ का खटकते?

प्रश्न थोडक्यात असा: एका विद्युत उपकरणाच्या चाचणी-अहवालाचे मराठी करताना शीर्षक झाले ‘वीजवाहिन्यांवरील उच्च वारंवारतेच्या वाहक उत्सर्जनाचे मापन’. मूळ शब्द ‘कंडक्टेड एमिशन’. वाचणाऱ्याला ‘वाहक उत्सर्जन’ खटकले, पण का खटकले ते सांगता येईना. मग बरोबर काय?

वाचणाऱ्याचा कान शाबूत आहे. ‘वाहक’ म्हणजे वाहून नेणारा. तांबे वाहक, बसमधला कंडक्टरही वाहक. इथे वाहून नेण्याचे काम तार करते. उत्सर्जन बिचारे वाहिले जाते. शासक-शासित, शोषक-शोषित, चालक-चालित या जोड्या डोळ्यांपुढे आणल्या की लक्षात येते, इथे ‘क’ नको, ‘इत’ हवा. म्हणजे नियमाने ‘वाहित उत्सर्जन’.

व्याकरण सुटले, पण शब्द काही जमला नाही. सांडपाण्यासाठी ‘वाहितमल’ हा पारिभाषिक शब्द आधीपासून आहे आणि ‘उत्सर्जन’ म्हटले की शाळेतली उत्सर्जन संस्था आठवते. दोन्ही शब्द शेजारी बसवले की वाचक थेट मूत्रपिंडापाशी जातो. शब्दकोशात हे खपेल, चालत्या वाक्यात नाही.

म्हणून आधी घडते काय ते पाहू. चार्जर, एलईडी दिवा, वॉशिंग मशीन अशा वस्तूंच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून निघणारी विजेची खरखर उपकरणाच्या स्वतःच्याच पुरवठा तारेने उलट बाहेर पडते आणि त्या जोडणीवरच्या इतर उपकरणांना भिडते. मीडियम वेव्हवर रेडिओ लावा आणि शेजारच्या सॉकेटमध्ये एखादा सुमार दर्जाचा चार्जर खोचा. पुष्कळदा ती कानांनी ऐकू येते. हवेतून थेट निघणारी खरखर वेगळी, तिचे मापन साधारण ३० मेगाहर्ट्‌झच्या वर सुरू होते. त्याखाली, १५० किलोहर्ट्‌झ ते ३० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, तारेवर मोजतात. ३० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी १० मीटर, १५० किलोहर्ट्‌झला २ किलोमीटर. एवढ्याशा खोक्याला इतक्या लांब लाटा स्वतःहून धड फेकता येत नाहीत, त्यांना बाहेर पडायला तारच लागते.

म्हणजे या दोन प्रकारांतला फरक वाटेचा आहे, आणि वाटेसाठी मराठीत घरचे शब्दयोगी अव्यय पडून आहे: ‘वाटे’. पाण्यावाटे पसरणारे आजार, हवेवाटे पसरणारे आजार, नाकावाटे दिलेले औषध. त्याच चालीवर तारेवाटे होणारे उत्सर्जन आणि हवेवाटे होणारे उत्सर्जन. ‘तारेद्वारे’ का नको? ‘द्वारे’ साधन दाखवते, त्यामागे कुणीतरी मुद्दाम केल्याचा वास येतो: पत्राद्वारे कळवले, ईमेलद्वारे पाठवले. चार्जर काही मुद्दाम खरखर पाठवत नाही, ती वाट मिळेल तिकडून निसटते. फक्त जोडून लिहा. ‘तारे वाटे’ असे तोडले तर वाचकाला आकाशातले तारे वाटून घेतल्यासारखे वाटायचे.

हवेवाटेच्या प्रकाराला, म्हणजे ‘रेडिएटेड एमिशन’ला, ‘प्रारित उत्सर्जन’ही चालेल, कारण उष्णतेच्या धड्यात वहन, अभिसरण, प्रारण हे त्रिकूट सगळ्यांनी घोकलेले असते.

‘उत्सर्जन’ ठेवावे का? ठेवा. पण या क्षेत्रातल्या मानकांचे घर असलेली सिस्पर ही समिती १९३४ सालची, रेडिओ ऐकताना येणाऱ्या त्रासातून जन्मलेली, आणि तिच्या मानकांत ‘डिस्टर्बन्स’ हा शब्द जागोजागी भेटतो. तिथे ‘डिस्टर्बन्स’ हे कारण आणि ‘इंटरफिअरन्स’ हा परिणाम. मराठी अनुवादांत दोन्हींना सर्रास ‘व्यत्यय’ लावतात आणि घोळ होतो. माझ्या मते कारणाला ‘उपद्रव’ म्हणावे, परिणामाला ‘व्यत्यय’. उपद्रव चार्जरचा, व्यत्यय रेडिओला.

आता शीर्षकातली ‘वीजवाहिनी’. हा शब्द वाचला की डोळ्यांपुढे उंच मनोरे आणि उच्चदाब तारा येतात. त्यात पुढे लगेच ‘उच्च’ आला तर वाचक खुशाल उच्चदाब समजेल. इथे मात्र उपकरणाची पुरवठा तार आहे. चाचणीच्या वेळी ती आणि सॉकेट यांच्या मध्ये एक खोके बसते. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘लिसन’ म्हणतात. ते ५० हर्ट्‌झची वीज उपकरणाकडे जाऊ देते, बाहेरची खरखर अडवते आणि उपकरणाची खरखर ५० ओहमच्या जोडणीतून मोजणाऱ्या रिसीव्हरकडे वळवते. फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे मोजायचे. घरगुती उपकरणांना १५० किलोहर्ट्‌झपाशी मुभा ६६ डीबी मायक्रोव्होल्टची, म्हणजे जेमतेम २ मिलिव्होल्ट. २३० व्होल्टच्या तारेवर २ मिलिव्होल्ट शोधायचे! पुष्कळ चार्जरांची स्विचिंग वारंवारता, म्हणजे आतली वीज चालू-बंद होण्याचा वेग, ६५ किलोहर्ट्‌झ असते, त्यामागेही हाच पट्टा आहे. खरखर या वारंवारतेच्या पटींत उमटते: तिची दुप्पट १३० किलोहर्ट्‌झ, मापनाच्या उंबरठ्याबाहेर, थेट तिप्पट, १९५ला, ती पडद्यावर दिसते. चलाखी आहे, पण नियमात बसते.

अहवालात पुढे ‘क्वासी-पीक’ हा मोजण्याचा एक प्रकार येईलच. त्याचे ‘अर्धशिखर’ करू नका. ‘सेमी’चे ‘अर्ध’ होते, अर्धवाहकात झाले तसे. ‘क्वासी’ म्हणजे ‘जणू’. हा शोधक (रिसीव्हरमधला मोजणारा भाग) या पट्ट्यात १ मिलिसेकंदाच्या कालांकाने (टाइम कॉन्स्टंट) चढतो आणि १६० मिलिसेकंदांच्या कालांकाने उतरतो. एखादा सुटा ठोका आला तर त्याचे वाचन कमी, ठोके भराभर आले तर शिखराजवळ. रेडिओ ऐकणाऱ्याचा वैतागही असाच चढतो, आणि हे मापन त्या वैतागासाठीच बेतलेले आहे. तेव्हा ‘शिखरवत्‌ मूल्य’ म्हणा. अर्ध्याचा इथे संबंधच नाही, आणि आकडे तपासणारा अभियंता ‘अर्धशिखर’ वाचून खरोखरच दोनाने भागून बसेल.

शीर्षक मी असे करीन: ‘पुरवठा तारेवाटे होणाऱ्या उच्च वारंवारतेच्या उत्सर्जनाचे मापन’. तक्त्याच्या चिंचोळ्या रकान्यात एवढे मावणार नाही. तिथे ‘कंडक्टेड’ आणि ‘रेडिएटेड’ लिहून मोकळे व्हा. चाचणी करणारी मंडळी बोलताना ‘कंडक्टेड पास, रेडिएटेड फेल’ असेच म्हणतात.