फिट आणि सीटीतली ती रिंग: नवीन रेसिडेंटसाठी

पहिल्यांदाच फिट आलेला तरुण पेशंट आला, मेंदूच्या सीटीत छोटी रिंग दिसली, म्हणजे टेपवर्मच्या अळीची सिस्ट (पिशवी) असावी, की लगेच अळी मारायचं अल्बेंडाझोल लिहून मोकळा होऊ नकोस रे, मीही पहिल्या वर्षी तेच करायला निघालेलो, सरांनी केसपेपर परत हातात दिला न् विचारलं, फंडस बघितलास का? फंडस म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, नव्हता बघितला. डोळ्यात सिस्ट असेल तर ती औषधाने मरताना जी सूज येते त्यात नजर जाऊ शकते.

आधी रिंगच्या आत पांढरा ठिपका शोध, बरेचदा जरा कडेला असतो, तेच अळीचं डोकं, स्कोलेक्स. दिसला की न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत या अळीच्या सिस्ट, जवळपास पक्कं. नाही दिसला आणि रिंग २० एमएमपेक्षा मोठी, वेडीवाकडी, तर आपल्याकडे टीबी डोक्यात ठेवायचाच, एमआरआय कर.

फिटची गोळी सुरू, मग सुजेसाठी स्टिरॉइड, त्यानंतर अल्बेंडाझोल, दिवसाला किलोमागे १५ एमजी, दोन डोसात, १० ते १४ दिवस, तेही जेवणासोबत, पोळीला तूप असलं तर उत्तम, शोषण वाढतं. दोनपेक्षा जास्त जिवंत सिस्ट असतील तर सोबत प्राझिक्वांटेल, हे अळीचं दुसरं औषध. मेंदूतलं प्रेशर वाढलेलं असेल तर अळी मारायची घाई नको, आधी प्रेशर बघ. नुसतं कॅल्सिफाइड, म्हणजे सिस्ट मरून चुन्यासारखी घट्ट झालेली, असेल तर अल्बेंडाझोल नाहीच, मेलेल्याला काय मारणार!

आणि नातेवाईक चिडून म्हणतातच, "अहो आम्ही माळकरी, मटणाला शिवत नाही." तेव्हा नीट सांग, डुकराच्या कच्च्या मांसातून पोटात टेपवर्म होतो, मेंदूतल्या सिस्ट त्याच्या अंड्यांमुळे, ती न धुतलेल्या कोथिंबिरीतून नाहीतर पोटात टेपवर्म असलेल्या कुणाच्या हातावरून येतात. घरातल्यांची स्टूल टेस्टही लिहून दे.