मेरीचा झगा निळाच का?

प्रश्न : लेकीकडे लंडनला गेले होते. नॅशनल गॅलरीतल्या जुन्या इटालियन चित्रांत जिकडेतिकडे येशूची आई मेरी हिच्या अंगावर निळं वस्त्र दिसलं. त्यामागे काही धार्मिक कारण आहे का? आणि या चित्रांबद्दल वाचायला सुरुवात कोणापासून करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : धर्म आहेच, पण जोडीला हिशेबही आहे. तो मला कळला कलेचे इतिहासकार मायकेल बॅक्सँडल यांच्यामुळे, आणि तुम्हीही त्यांच्यापासूनच सुरुवात करा. जन्म कार्डिफचा, १९३३चा. केंब्रिजला शिकले इंग्रजी साहित्य. पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शिल्पविभागात होते, मग तिथल्याच वॉरबर्ग इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत. २००८ साली गेले. ‘पेंटिंग अँड एक्सपीरियन्स इन फिफ्टीन्थ सेंच्युरी इटली’ हे त्यांचं लहानसं पुस्तक १९७२चं.

त्यात एक करार आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अनाथालयातल्या चित्रासाठी चित्रकार गिर्लांदायो याच्याशी १४८५ मध्ये झालेला. रंगकाम त्याने स्वतःच्या हाताने करायचं, दागिन्यांवर लागेल तिथे सोन्याची पूड, मुदत तीस महिने, मोबदला ११५ फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी), दरमहा तीन. उशीर झाला तर दंड. आणि निळा रंग? तो औंसाला साधारण चार फ्लोरिन किमतीचाच हवा! हा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. दगड कुटून, भूकटी पुनःपुन्हा भिजवून रंग काढायचा. पहिल्या खेपेचा जांभळट निळा सर्वांत महाग, पुढचा उतरता. म्हणजे मेरीला निळं नेसवताना भक्त खरोखरच मोलाची वस्तू वाहत होता.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. इंटरमीजिएटच्या मुलांना रचना, तोल, छायाप्रकाश सगळं सांगितलं. पण चित्रासाठी पैसे कोणी मोजले, हे विचारायला एकाही मुलाला शिकवलं नाही. त्याची मला आजही खंत वाटते. पैशाचं नाव काढलं की कला हलकी होते, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. बॅक्सँडल वाचून माझी तर श्रद्धा वाढली.

त्यांचा दुसरा मुद्दा मला याहून मोठा वाटतो : पाहणाऱ्याची नजर त्याच्या रोजच्या कामात घडते. त्या काळी पिंपं एका मापाची नसत, त्यामुळे आत माल किती हे व्यापारी भूमितीने काढी; शाळेतच ते शिकवत. चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काने तर व्यापाऱ्यांसाठी गणिताचं पुस्तकच लिहिलं. असा माणूस पिएरोच्या चित्रातला तंबू पाही, तेव्हा त्याला त्यात शंकू आणि नळकांडं आपसूक दिसे.

पुन्हा लंडनला जाल तेव्हा त्याच गॅलरीत सासेत्ता या चित्रकाराची, घरची श्रीमंती सोडणाऱ्या संत फ्रान्सिसवरची चित्रं शोधा. एकात फ्रान्सिस गरीब योद्ध्याला आपलं वस्त्र देऊन टाकतो आहे. ते वस्त्र याच महागड्या निळ्याचं आहे. त्याने काय सोडलं, ते त्या काळच्या माणसाला रंगावरूनच कळत होतं.